स्नेहबंधातील अडचणी असलेल्या मुलांना शाळेतील आधार

लहान मूल आणि त्याची नित्य काळजी घेणारी व्यक्ती यांच्यात पहिल्या दोनतीन वर्षांत दृढ होत जाणाऱ्या भावनिक नात्याला स्नेहबंध म्हणतात. मानसशास्त्रीय लेखनात यासाठी अनुबंध किंवा आसक्ती हे शब्दही आढळतात. दुखले, भीती वाटली, अनोळखी माणूस समोर आला, की मूल जिच्याकडे धाव घेते आणि जिच्या कुशीत शांत होते, त्या व्यक्तीशी त्याचा हा बंध जुळलेला असतो. सततची हेळसांड, मारहाण, घरातील हिंसा, पालकाचा मृत्यू किंवा दीर्घ आजारपण, सांभाळणारी माणसे वारंवार बदलणे अशा कारणांनी तो नीट जुळत नाही किंवा जुळूनही विस्कटतो. अशा मुलाच्या मनात मोठ्यांवर विसंबता येते हा विश्वासच रुजलेला नसतो आणि शाळेचा सारा व्यवहार तर याच विश्वासावर चालतो. परक्या माणसाचे ऐकणे, चूक सर्वांसमोर होऊ देणे, अडल्यास मदत मागणे, एका शिक्षकाचे लक्ष वर्गातील सगळ्यांत वाटून घेणे या इतरांना सहज जमणाऱ्या गोष्टी या मुलाला धोक्याच्या वाटतात. त्याला शाळेत सुरक्षित वाटावे आणि शिकता यावे म्हणून शिक्षक व इतर कर्मचारी जे प्रयत्न जाणीवपूर्वक करतात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे.

या विषयाचा पाया ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी (1907–1990) यांनी घातला. युद्धोत्तर काळातील बेघर मुलांच्या मानसिक आरोग्याविषयीचा त्यांचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेने 1951 मध्ये प्रसिद्ध केला आणि 1969 पासून त्यांनी स्नेहबंधाचा सिद्धांत तीन खंडांत मांडला. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ (1913–1999) यांनी युगांडात आणि नंतर बाल्टिमोर येथे माता व बालकांचे निरीक्षण केले. आई थोडा वेळ खोलीबाहेर गेली आणि परतली, तर सुमारे वर्षाचे मूल कसे वागते, हे पाहण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि तीवरून सुरक्षित, टाळणारा व द्विधा असे तीन प्रकार सांगितले. मेरी मेन आणि ज्यूडिथ सॉलोमन यांनी पुढे विस्कळीत हा चौथा प्रकार जोडला. ज्या व्यक्तीकडे आधारासाठी जायचे तिचीच भीती वाटत असल्यास मुलाच्या वागण्यात सुसंगती राहत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

हे प्रकार विशिष्ट व्यक्तीशी असलेल्या नात्याचे आहेत, मुलाच्या स्वभावाचे नव्हेत, आणि असुरक्षित स्नेहबंध, म्हणजे सुरक्षित सोडून बाकीचे प्रकार, हा आजारही नव्हे. सर्वसाधारण कुटुंबांतही साधारण एक तृतीयांश किंवा थोड्या अधिक मुलांचा बंध असुरक्षित प्रकारांत मोडतो. स्नेहबंधाचा विकार ही वैद्यकीय संज्ञा मात्र अगदी थोड्या, बहुधा गंभीर हेळसांड सोसलेल्या मुलांपुरती आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ती 1980 मध्ये आली आणि 2013 च्या आवृत्तीत तिचे दोन स्वतंत्र विकार झाले : एकात मूल कोणाकडेच आधार मागत नाही, दुसऱ्यात ते कोणत्याही अनोळखी माणसाशी बेधडक सलगी करते. स्वमग्नता किंवा अवधान-न्यूनतेची लक्षणे वरवर यांसारखीच दिसू शकतात. त्यामुळे निदान तज्ज्ञांवर सोपवून, समोर दिसणारे वागणे कोणत्या प्रसंगी उद्भवते याची नोंद ठेवणे, हेच शिक्षकाचे खरे उपयोगी काम होय.

वर्गात या अडचणी निरनिराळ्या रूपांत दिसतात. टाळण्याकडे कल असलेले मूल शांत आणि स्वावलंबी भासते. गणित अडले तरी विचारत नाही, बाई जवळ येऊन वाकल्या की वही झाकते, कधी पानच फाडते. ते कोणाला त्रास देत नसल्याने सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याच्याकडे होते. द्विधा मूल उलट दर दोन मिनिटांनी काहीतरी विचारत राहते, कारण नजर वळली की आपण विसरले जाऊ अशी धास्ती त्याला असते. विस्कळीत बंधाचे मूल क्षुल्लक कारणाने भडकते, पळून जाते किंवा सगळा वर्ग आपल्या ताब्यात ठेवू पाहते. या वागण्याला हट्ट किंवा लक्ष वेधण्याचा खटाटोप म्हणण्याची सवय आहे. पण हे मूल आपल्या अनुभवाप्रमाणे स्वतःचे रक्षण करत असते, हे ओळखल्याशिवाय मदतीला सुरुवातच होत नाही.

आधाराचा गाभा म्हणजे शाळेतील एक ठरलेली, रोज भेटणारी व्यक्ती. ती वर्गशिक्षिका असेल, ग्रंथपाल असेल किंवा शिपाईमावशीही असेल. तिचे पद दुय्यम असून तिचे सातत्य महत्त्वाचे आहे. सकाळी दोन मिनिटे भेटणे, दिवसात काय होणार ते आधी सांगणे, ठरल्यापेक्षा वेगळे काही घडणार असल्यास पूर्वसूचना देणे आणि दिलेला लहानसा शब्दही पाळणे एवढ्यातून मुलाचा दिवस अंदाज बांधता येण्याजोगा होतो. अध्यापनाची पद्धतही मुलागणिक बदलावी लागते. टाळणाऱ्या मुलाला समोरासमोर बसवण्यापेक्षा स्पष्ट सूचना असलेले काम हाती देऊन शेजारी बसणे मानवते. सतत विचारणाऱ्या मुलाला कामाचे छोटे तुकडे करून द्यावेत आणि ‘हे झाले की मी येते’ असे सांगून खरोखरच यावे. मूल चिडलेले असताना त्याला समजावण्याला अर्थ नसतो. आधी ते शांत व्हावे लागते, आणि लहान मुलाला त्यासाठी शांत राहिलेला मोठा माणूस जवळ हवा असतो.

शिक्षेचा प्रश्न येथे सर्वांत नाजूक आहे. वर्गाबाहेर उभे करणे, एकटे बसवणे, फळ्यावर नाव लिहिणे, निलंबित करणे या शिक्षा सुरक्षित मुलाला खट्टू करतात; टाकून दिले जाण्याचा अनुभव असलेल्या मुलाला त्या आपण नकोसेच आहोत याचा पुरावा वाटतात. म्हणून नियम शिथिल करावेत असे मात्र नाही, कारण मर्यादा नसल्या तरी या मुलांची भीती वाढते. मारणे चालणार नाही हे ठामपणे सांगावे, नुकसान भरून काढायला लावावे, पण हे सारे कोणीतरी सोबत असताना व्हावे, आणि त्यानंतर नाते पुन्हा सांधण्यासाठी पहिले पाऊल मोठ्या माणसाने टाकावे. रागावलेला माणूस दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखाच हसून भेटतो, हा अनुभव यांतील कित्येक मुलांना शाळेतच पहिल्यांदा येतो.

प्रेमाच्या नावाखाली केलेली बळजबरी याच्या अगदी विरुद्ध आहे. मुलाला जबरदस्तीने धरून ठेवण्याच्या तथाकथित उपचारपद्धती घातक ठरल्या आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात 2000 मध्ये ‘पुनर्जन्म’ नावाच्या अशा उपचारात दहा वर्षांची मुलगी गुदमरून दगावली आणि पुढच्याच वर्षी तेथे त्या पद्धतीवर कायद्याने बंदी आली. शाळेतही मिठी मारायला किंवा डोळ्यांत पाहायला भाग पाडू नये.

संस्थात्मक पातळीवरील जुना प्रयोग लंडनचा आहे. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ मार्जोरी बॉक्सॉल यांनी 1969 च्या सुमारास तेथील शाळांत संगोपन-गट सुरू केले. दहाबारा मुले, दोन प्रौढ आणि घरासारखी मांडलेली खोली असे त्यांचे स्वरूप असते. मुलांचे मूळ वर्गाशी नाते कायम राहते आणि काही सत्रांनंतर ती तिकडे परततात. अशा गटांमुळे मुलांचे सामाजिक व भावनिक वर्तन सुधारल्याचे अभ्यास आहेत, अभ्यासातील प्रगतीविषयीचा पुरावा मात्र तेवढा भक्कम नाही. इंग्लंडमध्ये शासनाच्या देखरेखीखालील मुलांसाठी प्रत्येक सरकारी अनुदानित शाळेत जबाबदार शिक्षक नेमणे 2009 पासून बंधनकारक आहे.

घराविषयीच्या नित्याच्या उपक्रमांकडेही पाहावे लागते. वंशवृक्ष काढणे, बाळपणीचा फोटो आणणे, ‘माझी आई’ हा निबंध यांत दत्तक किंवा संस्थेत वाढणाऱ्या मुलाची कोंडी होते. ‘माझ्या जवळचे माणूस’ असा विषय दिल्यास सर्वांनाच लिहिता येते. मुलाची पूर्वकथा ज्यांना कामासाठी आवश्यक आहे त्यांनाच, आणि तेवढीच, सांगावी. शिक्षकाच्या थकव्याचीही दखल घ्यावी लागते, कारण रोज झिडकारले जाऊन पुन्हा शांतपणे सामोरे जाणे एकट्याला फार काळ पेलत नाही. सहकाऱ्यांशी नियमित बोलण्याची वेळ शाळेच्या वेळापत्रकातच असावी.

या मुलांची कसोटी लागते ती निरोपाच्या वेळी. शुक्रवारची दुपार, सुट्टीआधीचा आठवडा, शिक्षक रजेवर जाणे, वर्षअखेर या काळात सुधारलेले वागणेही एकाएकी बिघडते. सुट्टीत सांभाळायला वर्गातली एखादी वस्तू देणे, परतण्याची तारीख दिनदर्शिकेवर दोघांनी मिळून खुणावणे, नव्या वर्गशिक्षिकेची ओळख जुन्या शिक्षिकेच्या उपस्थितीत काही आठवडे आधी करून देणे असे उपाय यासाठी योजतात. नवे वर्ष सुरू झाल्यावर जुन्या शिक्षिकेने पहिल्याच आठवड्यात त्या वर्गात डोकावून मुलाला नावाने हाक मारावी.