सुपर फॅमिकॉमच्या कोप्रोसेसर फाइल्स: त्या वेगळ्या का द्याव्या लागतात?

गेमची रॉम (कार्ट्रिजमधल्या मजकुराची फाइल) बरोबर असूनही एम्युलेटर, म्हणजे संगणकावर कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम, आणखी एक फर्मवेअर फाइल (चिपमधला कायमचा प्रोग्राम) मागतो, तेव्हा अनेकांना ती कन्सोलची बायोस, म्हणजे कन्सोलचा स्वतःचा अंगभूत प्रोग्राम, वाटते. निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या गेम कन्सोलच्या बाबतीत तसे नाही. ही फाइल कन्सोलची नसून कार्ट्रिजमधल्या एका चिपच्या पोटातली आहे.

१९९० साली आलेल्या या कन्सोलचा मुख्य प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झवर चालतो. मोड ७ मध्ये (पार्श्वभूमीचे चित्र फिरवण्याच्या व लहान-मोठे करण्याच्या पद्धतीत) जमीन तिरकी दाखवायची, तर साइन-कोसाइन, व्यस्त संख्या आणि प्रत्येक ओळीची प्रक्षेपणे काढावी लागतात, आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो. म्हणून ‘पायलटविंग्ज’ (१९९०) आणि ‘सुपर मारिओ कार्ट’ (१९९२) यांच्या कार्ट्रिजमध्ये डीएसपी-१ ही गणिते करणारी मदतनीस चिप (कोप्रोसेसर) बसवली. ही मुळात एनईसीची µपीडी७७सी२५. तिचा प्रोग्राम कारखान्यातच चिपमध्ये कोरलेला असतो आणि बाहेरच्या पिनांवर तो येत नाही. गेम फक्त कमांड आणि आकडे पाठवतो (उदाहरणार्थ, ००एच म्हणजे गुणाकार), तयारीचा बिट (उत्तर तयार असल्याची चिपची खूण) तपासत थांबतो आणि उत्तर उचलतो. त्यामुळे कार्ट्रिजची रॉम पूर्ण वाचली, तरी हा प्रोग्राम हाती लागत नाही.

झेडस्नेस, स्नेस९एक्स या एम्युलेटरांनी म्हणूनच दुसरी वाट धरली: कोणत्या कमांडला काय उत्तर येते ते पाहायचे आणि तेच गणित स्वतः लिहायचे. याला एचएलई (हाय-लेव्हल एम्युलेशन) म्हणतात. गेम चालतात, पण शेवटच्या अंकातली गोलाई आणि चिपला लागणारा नेमका वेळ निसटतो. पुढे २०१० च्या सुमारास चिपचे आवरण रसायनाने काढून आतले बिट्स वाचले गेले आणि बीस्नेस या एम्युलेटरमध्ये खुद्द चिपच सूचनागणिक चालू लागली. फर्मवेअर फाइलची गरज तिथून सुरू झाली. तिचे हक्क निर्मात्यांकडे असल्याने एम्युलेटरसोबत ती मिळत नाही.

फाइल ओळखायची पहिली खूण म्हणजे आकार. डीएसपी-१ ते ४ साठी २०४८ शब्द × २४ बिट = ६१४४ बाइट प्रोग्राम आणि १०२४ शब्द × १६ बिट = २०४८ बाइट डेटा; एकूण ८१९२. काही जुन्या प्रती १०,२४० बाइटच्या असतात, कारण त्यांत प्रत्येक २४-बिट सूचनेला एक रिकामा बाइट जोडलेला असतो. बाइट्सचा क्रम उलट असलेल्या प्रतीही फिरतात. आकार बरोबर, नावही बरोबर, तरी पडदा काळा राहिला, तर आधी हाच संशय घ्यावा: चिप भलत्याच सूचना चालवते आणि गेम तयारीच्या बिटाची वाट पाहत अडकतो. एसटी०१० व एसटी०११ या इतर कोप्रोसेसरांसाठी ४९,१५२ + ४०९६ बाइट लागतात. एसटी०१८ मध्ये तर आख्खा एआरएम प्रोसेसर आहे. तिची फाइल १,६३,८४० बाइटची. सीएक्स४ (‘मेगा मॅन एक्स२’) अपवाद: तिचा प्रोग्राम गेमच्याच रॉममध्ये असतो, म्हणून फक्त ३०७२ बाइटचे तक्ते लागतात. सुपर एफएक्स आणि एसए-१ या चिपांना याच कारणाने वेगळी फाइल लागतच नाही.

फर्मवेअर गेमच्या रॉम फाइलच्या शेवटी जोडलेलेही चालते. ‘सुपर मारिओ कार्ट’ची ५,२४,२८८ बाइटची रॉम मग ५,३२,४८० होते. मात्र जुन्या कॉपियरचा (कार्ट्रिजची प्रत काढणाऱ्या यंत्राचा) ५१२ बाइटचा हेडर सुरुवातीला असेल, तर तो आधी काढावा.

डीएसपी-१ आणि १ए यांचा प्रोग्राम एकच आहे. १बी मध्ये चुका दुरुस्त केल्या आहेत. पण ‘पायलटविंग्ज’चा डेमो जुन्या चुकीवर बेतलेला होता. १बी दिली की त्यातले विमान जमिनीवर आदळते. म्हणून या गेमला मूळ डीएसपी-१ चीच फाइल द्यावी.