खुशामत आणि मनधरणी

इंदूरच्या मराठी घरांत हल्ली असं वाक्य सहज कानावर येतं : "बाबा, जेवायला किती खुशामत करून घेता!" आजोबा रुसलेत, पाटावर यायला तयार नाहीत. नात हात धरून म्हणतेय, "आजोबा, अर्धीच पोळी, मी तूप लावून आणते." यात खुशामत कुठेच नाही. ही मनधरणी. "कितनी खुशामद करवाओगे" हे हिंदी बोलणं रोज कानावर पडतं, तिथून हा शब्द आपल्या घरात शिरलाय. हिंदीत तो दोन्हीकडे चालतो, मराठीत मात्र त्याला डाग आहे. तो नातीच्या मायेला लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

मनधरणीसाठी समोरचा रुसलेला, अडून बसलेला किंवा नाखूश असावा लागतो. त्याचं मन वळवायचं असतं, आणि त्यासाठी स्तुतीचा एक शब्दही लागत नाही. तिला मानपानाची उतरंडही नाही. आई लेकराची करते, लग्नघरात रुसलेल्या विहीणबाईंची अख्खं घर करतं.

खुशामत चालते ती वरच्याचीच. साहेब आधीच खुशीत असला तरी ती थांबत नाही, कारण डोळा बढतीवर नाहीतर ठेक्यावर असतो. मूळ फारसी शब्दात 'खुश' आणि 'आमद', म्हणजे आनंदाचं येणं, आहे. मराठीत त्यातला गोडवा उरला नाही.

भर्तृहरीच्या नीतिशतकातला एक श्लोक 'लाङ्गूलचालनम्' या शब्दानंच सुरू होतो. घास देणाऱ्यापुढे कुत्रा शेपूट हलवतो, पायांशी पडतो, जमिनीवर लोळून तोंड-पोट दाखवतो. हत्ती मात्र धीरानं बघत राहतो आणि शेकडो गोड शब्दांनी विनवल्यावर खातो. कुत्र्याचं ते लांगूलचालन, बोलीत गोंडा घोळणं, खुशामतीच्याच जातीचं. हत्तीची होते ती मनधरणी. इथे विनवणारा खाऊ घालणारा आहे, खाणारा नव्हे.

घोटाळा होतो तो गोड बोलणं दोन्हीकडे असतं म्हणून. समजा, गणेशोत्सवाला एखादे बडे अधिकारी यायला नाही म्हणाले. मंडळाची माणसं दोनदा घरी गेली, "मुलांनी नाटक बसवलंय, तुम्ही याच" म्हणाली, तर मनधरणी. त्यांच्या सुमार कवितांना तोंडावर थोर म्हणाली, तर खुशामत.