गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

व्हॉल्यूम सगळ्यांना कळतो. मिक्सरवर ते काम खालचा सरकणारा फेडर करतो, त्यावर वेगळं सांगायला नको. घोळ होतो तो चॅनेलच्या अगदी वरच्या गेनच्या नॉबपाशी. देवळातलं कीर्तन असो की सोसायटीचा गणपती, मागून कोणी ‘आवाज येत नाही’ म्हणून ओरडलं की हात थेट गेनवर जातो. हे बघून आता खरंच वैताग येतो.

माईकमधून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. मिक्सरला कामाला लागतो साधारण एक व्होल्टच्या घरातला. ती वाढ गेन करतो. म्हणजे आत किती घ्यायचं ते गेन ठरवतो, आत आलेल्यातलं बाहेर किती सोडायचं ते फेडर. गेन जास्त झाला तर आवाज तिथेच फाटतो. मग फेडर तळाला न्या, फाटलेलाच आवाज हळू ऐकू येईल. गेन कमी ठेवला तर फेडर वर ढकलावा लागतो आणि सोबत खरखर येते.

शिवाय बुवांसमोरचा मॉनिटर (त्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) बहुतेक वेळा प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीच्या जागेवरून जोडलेला असतो. फेडरने त्याला फरक पडत नाही, गेनने पडतो. मागच्या रांगेसाठी गेन वाढवला की मंचावरचा मॉनिटर शिट्टी मारतो, आणि बोल लावला जातो माईकला.

गेन लावताना ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ चालत नाही. त्या आवाजावर लावलेला गेन विठ्ठलाच्या गजराला हमखास फाटतो. बुवांना टिपेच्या आवाजात गजरच करायला सांगा, पीएफएल (त्या चॅनेलची फेडरआधीची पातळी मीटरवर दाखवणारं बटण) दाबा, मीटर 0 च्या आसपास ठेवा. सगळ्यात चढ्या सुरालाही लाल दिवा लागायला नको. मग कार्यक्रम संपेपर्यंत गेनला हात लावू नका.

इक्वलायझरचं थोडक्यात. लो-कट, म्हणजे अगदी खालचे खर्जातले आवाज कापणारं बटण, चालू करा. आवाज घुमत असेल तर 250 हर्ट्झच्या आसपास 3 डेसिबल उतरवा. शब्द कळत नाहीत म्हणून ट्रेबल चढवायची सवय मला अजिबात पटत नाही: 6 डेसिबल वाढवलं की त्या पट्ट्यातला व्होल्टेज दुप्पट होतो, शिट्टीला तेवढं पुरतं. मी कापतो, चढवत नाही. चढवलंच असेल तर मीटर पुन्हा बघा, पेटीच्या माईकचासुद्धा. तोच नेहमी राहून जातो.