इंग्लंडच्या डोंगरवाटा आणि माउंटन बाइक : मुक्त संचाराविषयी खुलासा

इंग्लंडमध्ये २००० साली झालेल्या कायद्याने डोंगर आणि माळराने सर्वांना खुली केली, तेव्हा माउंटन बाइकही तिथे कुठूनही नेता येते, हा समज अनेक वर्षे प्रचलित आहे आणि तो चुकीचा आहे. ‘कंट्रीसाइड अँड राइट्स ऑफ वे ॲक्ट’ने दिलेला मुक्त संचाराचा हक्क पायी फिरणाऱ्यांपुरताच आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने सायकलस्वारांनाही असा हक्क मिळाला. दोन्हींची गल्लत बहुधा इथूनच होत असावी.

इंग्लंडमधील सायकलस्वाराचा हक्क १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टमधून येतो. त्या कायद्याने घोडेस्वारांच्या वाटांवर, म्हणजे ब्राइडलवेवर, सायकल चालवण्यास मुभा दिली. मात्र पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यावी, अशी अट घातली आणि ही अट मला अत्यंत रास्त वाटते. वाटांवरील दिशादर्शक खुणांमध्ये पिवळा बाण केवळ पायवाटेचा, तर निळा ब्राइडलवेचा असतो. डाल्बी किंवा ग्राइझडेलसारख्या जंगलांतील खास सायकल ट्रेल्सवर मात्र निळा, लाल आणि काळा हे रंग काठिण्य दर्शवतात, हक्क नव्हे, हे नवख्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावे.

पायवाटेवर सायकल चालवणे म्हणजे फौजदारी गुन्हाच, हेही सरसकट खरे नाही. स्थानिक उपविधी किंवा आदेशाने मनाई नसेल, तर ते सहसा जमीनमालकाच्या हक्काचे दिवाणी उल्लंघन ठरते. तरीही मालकाने निघून जाण्यास सांगितल्यास सायकलस्वाराला तिथे थांबण्याचा हक्क नसतो.