शिक्षा संपण्याआधी करून घ्यायचे कागद : नागपूर कारागृहातल्या बंद्यांच्या घरच्यांसाठी

सुटका जवळ आली की घरचे गाडी ठरवतात, नवे कपडे घेतात, आणि कागदांचं 'बाहेर आल्यावर बघू' म्हणतात. नेमकं तिथंच अडतं. काही कागद माणूस आत असतानाच सहज होतात, कारण त्यांना लागणारी कारागृह अधिकाऱ्याची सही आणि शिक्का तिथंच मिळतो. वर्धा रोडवरच्या फाटकातून माणूस बाहेर पडला की त्या सहीच्या जागी दहा वेगळे पुरावे मागतात. म्हणून तीन-चार महिने आधी सुरुवात करा.

पहिलं काम तारखेचं. निकालाच्या दिवसापासून वर्षं मोजू नका. कच्च्या कैदेतले, म्हणजे खटला चालू असताना आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, मिळालेली माफी, म्हणजे शिक्षेतली सूटही वजा होते. आणि 'दंड न भरल्यास आणखी इतके महिने' ही निकालातली ओळ बरेच जण वाचतच नाहीत. दंड भरला नसेल तर तेवढे महिने पुढे जोडले जातात. ही जादा कैद दंड भरताक्षणी संपते, आणि काही रक्कम भरली तर त्या प्रमाणात दिवस कमी होतात. ऐपतच नसेल तर केंद्राच्या २०२३ च्या गरीब बंदी सहाय्य योजनेतून २५,००० रुपयांपर्यंतचा दंड भरला जाऊ शकतो. त्यासाठी सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे प्रकरण गेलं पाहिजे. नियमानं ते कारागृहानं कळवायचं असतं. तरीही तुम्ही स्वतः जाऊन विचारा, कागद आपल्या पायानं फार हळू चालतो. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला आणायला कोणी परत पाठवलं तर विधी सेवेच्या १५१०० या मदत क्रमांकावर फोन करा.

आता आधार. सगळ्यात जास्त अर्ज इथं अडकतात. आधार काढलंच नसेल तर कारागृह अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याचा बंदी प्रवेशाचा दस्त आधार नोंदणीसाठी पुरावा म्हणून चालतो. हे खिडकीवरच्या माणसालाही कधी कधी माहीत नसतं, तेव्हा मान्य कागदपत्रांची यादी छापून सोबत ठेवा. आधार आहे पण नाव जुळत नाही, ही त्याहून मोठी डोकेदुखी. कारागृह वॉरंटवरचं, म्हणजे न्यायालयानं कारागृहाला पाठवलेल्या आदेशावरचं नाव धरून चालतं. वॉरंटवर 'रामा', आधारवर 'रामराव', वडिलांचं नाव एकीकडे 'शामराव', दुसरीकडे 'श्यामराव', असा प्रकार असेल तर सुटकेचा दाखलाही 'रामा'च्या नावानं निघेल आणि बँक म्हणेल, हा कोण? आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. म्हणून दाखल्याशी जुळवायला घाईनं आधार बदलू नका. शाळेचा दाखला, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र यांत जे नाव जास्त ठिकाणी आहे ते धरा, आणि 'रामा आणि रामराव ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

मोबाईल नंबरचंही तसंच. जुनं सिम तीन महिने वापरलं नाही तर कंपनी ते बंद करून नंबर दुसऱ्याला देऊ शकते. मग ओटीपी जातो कोणा अनोळखी माणसाकडे, आणि घरी सगळे मोबाईलकडे बघत बसतात. नवा नंबर जोडायला तो माणूस स्वतःच लागतो, ते काम दुसरं कोणी करू शकत नाही. माणूस बाहेर आल्यावर पहिल्या आठवड्यात हेच उरका.

बँकेत खातं असेल आणि दोन वर्षं व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असतं. पैसे बुडत नाहीत. केवायसी करून ते पुन्हा सुरू करायला शुल्क नाही, आणि शिल्लक कमी पडली म्हणून निष्क्रिय खात्यातून दंड कापता येत नाही. काउंटरवर उलटं सांगितलं तर लेखी मागा. खातंच नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बंद्याला कारागृह अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा देऊन 'लहान खातं' उघडता येतं. मर्यादा अशी : शिल्लक ५०,००० पर्यंत, महिन्याला १०,००० काढता येतात, वर्षभरात एक लाखापर्यंत जमा. आत काम करून साठलेलं वेतन ठेवायला एवढं पुरतं. सुटताना वेतनाचा आणि खासगी रोखीचा हिशेब कागदावर घ्या, नुसत्या बोलण्यावर जाऊ नका.

अटकेच्या वेळी खिशात असलेलं आधार, पॅन, मोबाईल कारागृहाकडे मागणारे कितीतरी लोक भेटतात. अहो, ते तिथं असेलच असं नाही. पोलिसांचा अंगझडती पंचनामा काढून बघा. वस्तू मुद्देमालात, म्हणजे खटल्यासाठी जप्त केलेल्या सामानात असेल तर शिक्षा देणाऱ्या न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि अपील चालू असेल तर बहुधा थांबावं लागतं. कारागृहात जमा असलेलं सामान मात्र सुटतानाच यादीशी ताडून घ्या. गडचिरोली-गोंदियाहून आलेल्याला एका घड्याळासाठी पुन्हा नागपूरला येणं परवडत नाही.

रेशन कार्डावरचं नाव ई-केवायसी न झाल्यानं अडकलेलं असू शकतं. शहरात अन्नधान्य वितरण कार्यालयात, ग्रामीण भागात तहसीलमध्ये विचारा. मतदार यादीतलं नाव केवळ तुरुंगात होता म्हणून कापलं जात नाही. बंदिवासात मतदान करता येत नाही, एवढंच. यादीत नाव शोधा, पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८ भरा.