फसव्या ब्राउझर-सूचना

संकेतस्थळाने सूचना पाठवण्याची परवानगी कपटाने मिळवून मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर खोटे इशारे व नकोशा जाहिराती दाखवण्याचा प्रकार. पॉप-अप जाहिरात ही उघडलेल्या पानातून निघते आणि तिची खिडकी बंद केली की सहसा नाहीशी होते. सूचना मात्र पान बंद केल्यावरही येत राहतात, कारण दिलेली परवानगी ब्राउझरमध्ये नोंदलेली असते. क्रोम या ब्राउझरने ही सोय 2015 मध्ये आणली ती बातम्या व निरोप वेळेवर पोहोचावेत म्हणून. जाहिरातदारांनी आणि भामट्यांनी तिचा गैरवापर पुढे सुरू केला.

नाशिक जिल्ह्यात लासलगावचे कांद्याचे भाव किंवा सिंहस्थासाठी राहण्याची सोय मोबाइलवर शोधताना एखादे अनोळखी पान उघडते आणि ‘आपण रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असे सांगते. खऱ्या पडताळणीला सूचनांची परवानगी कधीच लागत नाही. सापळा ओळखण्याची ही सर्वांत भरवशाची खूण होय. एकदा बटण दाबले की ‘फोनमध्ये व्हायरस आहे’, ‘बँक खाते बंद होणार’ असे इशारे सुरू होतात. घाबरलेला माणूस अशा वेळी फोनच बिघडला असे समजून दुकान गाठतो किंवा इशाऱ्यातूनच सुचवलेले ‘सफाई’चे ॲप उतरवून घेतो, आणि खरी हानी बहुधा तिथून सुरू होते. वास्तविक हे इशारे म्हणजे त्या संकेतस्थळाने पाठवलेला मजकूर असतो. फोनची तपासणी कोणीही केलेली नसते.

उपाय परवानगी काढून घेण्याचा आहे. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘साइट सेटिंग्ज’ आणि तेथील सूचनांच्या यादीत जाऊन अनोळखी संकेतस्थळ ब्लॉक करावे. त्याचे नाव बहुधा सूचनेवरच छापलेले असते. त्याच ठिकाणी पॉप-अपही रोखता येतात. फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरने 2020 पासून वापरकर्त्याने पानावर काही कृती करेपर्यंत परवानगीची चौकट दाखवणे थांबवले आहे.

इशाऱ्यातील क्रमांकावर फोन करू नये व ओटीपी सांगू नये. पैसे गेलेच, तर 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्यापूर्वीच ती गोठवता येण्याची शक्यता असते. तोतयेगिरी करून संगणकीय साधनाने केलेल्या फसवणुकीस माहिती तंत्रज्ञान अधिनियम 2000 च्या कलम 66 ड नुसार 3 वर्षांपर्यंत कारावास व 1 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.