‘बी दाऊ माय व्हिजन’ सहाव्या शतकातलं नाही

‘तूच माझी दृष्टी हो’ असं देवाला विनवणारं हे प्रसिद्ध ख्रिस्ती भजन सहाव्या शतकातल्या अंध आयरिश कवी डालान फोर्गल याने रचलं, असं सर्रास सांगितलं जातं. आंधळ्या कवीने देवाकडे दृष्टी मागितली, ही कल्पना कुणालाही भावेल! पण मूळ आयरिश कवितेची भाषाच या दाव्याला छेद देते. आयरिश संत कोलंबा ५९७ मध्ये वारले. त्यांच्यावरचं, डालानच्याच नावावरचं शोककाव्य इतकं जुनाट नि दुर्बोध आहे की मध्ययुगीन लेखनिकांनी त्यात ओळीओळीला टिपा भरल्या. ही प्रार्थना मात्र सोपी, सरळ आणि भाषेवरून अभ्यासकांच्या मते नंतरच्या शतकांतली. मेरी बर्न यांनी १९०५ मध्ये तिचं इंग्रजी भाषांतर केलं, १९१२ मध्ये एलेनॉर हल यांनी ते पद्यात बांधलं. खरा कवी अज्ञातच आहे.